मुलांमधली मूल्ये कोण घडवणार, आणि कळणार कसे?

शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतले प्रगतिपुस्तक उघडले, की विषयांच्या श्रेणींखाली वर्णनात्मक नोंदी दिसतात. ‘खरे बोलतो.’ ‘मित्रांना मदत करते.’ ‘शाळेच्या वस्तू जपून वापरतो.’ महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि या नोंदी शिक्षकांच्या कामाचा भाग झाल्या. पुढचे पान उलटले, की पुढच्या मुलाच्या नावाखाली जवळपास हीच वाक्ये असतात. तयार नोंदींच्या याद्या छापील मिळतात, मोबाइलवरही फिरतात. शिक्षकाला यात दोष देता येत नाही. गणितात बेरीज आली की नाही हे पाहायला उदाहरण घालता येते. ‘खरे बोलतो’ हे कधी पाहायचे, कुठे पाहायचे, किती वेळा पाहायचे, याची कुठलीही रीत त्याच्या हाती कोणी दिलेली नाही.

मूल्ये शिकवायची व्यवस्था मात्र आहे. रोजचा परिपाठ आहे. प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा. राज्याच्या मूल्यशिक्षणात दहा मूल्ये सांगितली गेली: श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. डी.एड. झालेल्या शिक्षकाला ही यादी तोंडपाठ असते. मग सौजन्यशीलतेची बोधकथा ऐकून बाहेर पडलेली मुले दुपारी पोषण आहाराच्या रांगेत एकमेकांना का ढकलतात? आणि शेजारच्या गावच्या शाळेत, तीच कथा ऐकणारी तशीच मुले, रांगेत निवांत का उभी असतात?

या कोड्याचे उत्तर शोधायला पैसे द्यायचे झाले, तर ते कोणाला द्यावेत? मंत्रालयातून एक पुस्तक काढावे, एका आदर्श शाळेला पुरस्कार द्यावा, की आणखी काही करावे? काही देशांनी आणि आपल्याकडच्याही काहींनी वेगळी वाट धरून पाहिली आहे. जवळजवळच्या शाळांचा एक गट करायचा, त्या गटाला निधी द्यायचा, मूल्यशिक्षण कसे करायचे ते त्यांनीच ठरवायचे आणि त्याचा उपयोग झाला का, हेही त्यांनीच तपासायचे. ही वाट कशी चालते आणि कुठे अडते, ते पाहू.

प्रामाणिकपणा कुठे राहतो?

सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच्या एका अभ्यासापासून करावी लागेल. १९२०च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. मुलांना ‘तू खरे बोलतोस का?’ असे विचारून त्यांनी भागवले नाही. त्यांनी लबाडी करता येईल अशा संधी तयार केल्या. एका चाचणीत मुलांनी उत्तरपत्रिका सोडवल्या. मुलांच्या नकळत त्या उत्तरांची नोंद करून घेतली आणि मग त्याच पत्रिका उत्तरांच्या यादीसह ‘स्वतःच तपासा’ म्हणून परत दिल्या. कोणी किती उत्तरे बदलली, ते कळले. दुसऱ्या चाचणीत डोळे मिटून छोट्या वर्तुळांत खुणा करायच्या होत्या. फार अचूक खुणा आल्या, की डोळे किलकिले केले हे उघड. तिसरीत मुलांच्या हाताशी नाणी होती.

निष्कर्ष अनपेक्षित होते. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘लबाड’ अशी दोन गटांत विभागणी होईना. उत्तरे बदलणारे मूल नाणी जशीच्या तशी परत करत होते. वर्गात सचोटीने वागणारे खेळात गुण वाढवून सांगत होते. एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगातले वागणे ओळखता येत नव्हते. प्रामाणिकपणाचे धडे देणाऱ्या वर्गांना आणि संघटनांना जाणारी मुले इतरांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. मात्र एका वर्गात बसणाऱ्या मुलांचे वागणे एकमेकांशी बरेच जुळत होते. जिथे शिक्षक आणि मुले यांचे नाते मोकळे आणि विश्वासाचे होते, तिथे फसवणूक कमी होती.

पुढच्या अभ्यासकांनी या निष्कर्षांना मुरड घातली. पुष्कळ प्रसंग एकत्र धरले, तर एकेका मुलाचा स्थायी कल थोडाफार दिसतो, असे त्यांनी दाखवले. तरी मुख्य गोष्ट टिकली. मूल्य हे एकट्या मुलाच्या आत बंद केलेले नसते. त्यातला मोठा वाटा वर्गाच्या आणि शाळेच्या वातावरणाचा असतो. चूक कबूल केली तर काय होते? शिक्षक आपापसात कसे बोलतात? खिचडी वाढताना कोणाला शेवटी बसवतात? मैदान कोणाच्या ताब्यात असते? मूल यातून शिकते. म्हणून बदलायची आणि तपासायची वस्तू म्हणजे शाळा. एकेका मुलाच्या पुस्तकातली नोंद हे तिचे फार अपुरे माप आहे.

एका शाळेला की शाळांच्या गटाला?

खानदेशात मूल्यशिक्षण म्हटले, की साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयात त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले, मुलांची अव्यवस्थित खोली स्वतः आवरली. तापीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या किती पिढ्यांनी हे ऐकले आहे! पण त्या शिक्षणाचे बळ एका माणसात होते. १९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडून कायदेभंगात उडी घेतली आणि ते तुरुंगात गेले. साने गुरुजी सरकारी आदेशाने नेमता येत नाहीत. आजच्या उत्तम शाळांचेही तेच होते. एक तळमळीचा शिक्षक पाचसहा वर्षांत शाळेचे वातावरण पालटतो, मग त्याची बदली होते आणि त्याने उभे केलेले हळूहळू विरते. एका शाळेला दिलेला पुरस्कार याला आवर घालू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला सगळ्या राज्यासाठी एकच पुस्तिका असते. ती सर्वांपर्यंत पोचते, पण सांगवी-बोराडीकडच्या पावरी बोलणाऱ्या पाड्यावरच्या शाळेत आणि शिरपूर शहरातल्या शाळेत एकच प्रश्न असेल, असे ती गृहीत धरते. पाड्यावरच्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गातली भाषाच परकी वाटते. त्याच्या बाबतीत ‘आदर’ या मूल्याची सुरुवात, त्याच्या बोलण्याला कोणी हसत नाही ना, इथून होते. शहरातल्या शाळेत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो.

या दोहोंच्या मधला आकार आपल्याकडे तयार आहे. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली: एक माध्यमिक शाळा आणि तिच्या परिसरातल्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकींना धरून चालायचे, साधने वाटून घ्यायची, शिक्षकांनी एकत्र बसायचे. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. पुढे १९९०च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून समूह साधन केंद्रे आली. आज ग्रामीण महाराष्ट्रातला प्रत्येक प्राथमिक शिक्षक ‘आमचे केंद्र’ म्हणतो ते हेच. जवळपासच्या शाळा, त्यांतली एक केंद्रशाळा, एक केंद्रप्रमुख आणि शिक्षकांना एकत्र आणणारी शिक्षण परिषद. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळा संकुलाला जागा दिली आहे.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. २०२३ मध्ये राज्यात ‘समूह शाळा’ हा शब्द गाजला तो वेगळ्या अर्थाने. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याचा तो विचार होता. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचे आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचे उदाहरण दिले गेले. या लेखातला गट तसा नाही. इथे प्रत्येक शाळा आपल्या गावात, आपल्या पाड्यावरच राहते. एकत्र येतात ते शिक्षक, त्यांचे प्रश्न आणि निधी. सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यावरची शाळा हलवणे म्हणजे काही मुलींचे शिक्षण थांबवणे. त्यामुळे हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियाने काय केले

गटांना निधी देण्याचा मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. २००५ मध्ये तिथे शाळांतील मूल्यशिक्षणाची राष्ट्रीय चौकट ठरली. तिच्यात नऊ मूल्ये होती. आस्था आणि करुणा, प्रामाणिकपणा, आदर, जबाबदारी, परस्परांना समजून घेणे अशी. यादी नेहमीसारखीच आहे. वेगळेपण पुढच्या पायरीत होते. सरकारने शाळांकडून गटाने अर्ज मागवले. पहिल्या टप्प्यात १६६ शाळांचे २६ गट निवडले गेले, दुसऱ्यात १४३ शाळांचे २५.

प्रत्येक गटाने आपला प्रश्न स्वतः निवडला. कुठे मैदानावरची दादागिरी, कुठे वेगवेगळ्या संस्कृतींतून आलेल्या मुलांमधला दुरावा. गटाचा एक समन्वयक असायचा आणि विद्यापीठातला एक अभ्यासक सोबतीला. अभ्यासकाचे काम तपासणीचे नव्हते. आपुलकीने पण स्पष्टपणे प्रश्न विचारायचे, हे त्याचे काम. निधीतला चांगला हिस्सा वस्तूंऐवजी शिक्षकांच्या वेळेवर खर्च व्हायचा: वर्ग दुसऱ्याकडे सोपवून एकत्र बसणे, एकमेकांचे वर्ग पाहणे, चर्चा, लेखन. शेवटी प्रत्येक गटाने आपल्या कामाचा अहवाल द्यायचा.

या अहवालांतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा वर आल्या. मूल्यांची नावे शाळेतल्या सगळ्यांच्या बोलण्यात एकाच अर्थाने येऊ लागली, की मुलांना ती कळतात. एक शिक्षक ‘आदर’ म्हणजे गप्प बसणे समजतो आणि दुसरा त्याच शब्दाचा अर्थ ऐकून घेणे असा करतो, तर मूल गोंधळते. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. मुलांच्या आधी शिक्षकांना स्वतःचे वागणे तपासावे लागले. पुढच्या एका टप्प्यात मुले, शिक्षक आणि पालक यांच्याकडून ‘तुमच्या मते झालेला सर्वांत मोठा बदल’ सांगणाऱ्या गोष्टी जमवल्या गेल्या आणि त्यांतल्या कोणत्या खरोखर महत्त्वाच्या, यावर एकत्र बसून खल झाला. ही रीत मुळात रिक डेव्हिस यांनी बांगलादेशातल्या ग्रामविकासाच्या कामासाठी बसवली होती.

या प्रयोगाची उणीवही सांगायला हवी. ज्या शाळांनी अर्ज केले, त्या आधीच उत्साही होत्या. निधी नसता मिळाला तरी त्या सुधारल्या असत्या का, याचे ठाम उत्तर अहवालांतून मिळत नाही.

बीडपासून सुरू झालेले ‘मूल्यवर्धन’

महाराष्ट्रातला सर्वांत जवळचा प्रयत्न म्हणजे ‘मूल्यवर्धन’. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागातल्या सुमारे बाराशे मुलांना पुण्याला आणून शिकवणाऱ्या शांतिलाल मुथ्था यांच्या प्रतिष्ठानने राज्य शासनाबरोबर २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० प्राथमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. नंतर तो सुधारून राज्यभर नेला गेला. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही संविधानातली मूल्ये त्याच्या पायाशी आहेत. उपदेश बाजूला ठेवून मुलांना जोडीत आणि छोट्या गटांत काम देणे ही त्याची रीत. दोघांनी मिळून विचार करायचा, चौघांत मांडायचा, मग वर्गात. समतेची व्याख्या पाठ करण्याऐवजी जोडीदाराचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची सवय लागते.

या कार्यक्रमाने एक मोठी गोष्ट सिद्ध केली. आपल्या सरकारी शाळांत, आहे त्या शिक्षकांबरोबर, रोजच्या वेळापत्रकात, बोधकथेपलीकडचे मूल्यशिक्षण करता येते. शिक्षकांमधूनच ‘प्रेरक’ तयार झाले आणि त्यांनी इतर शिक्षकांना तयार केले. पण इथे केंद्राचा उपयोग मुख्यतः तयार कार्यक्रम पोचवण्यासाठी झाला. प्रश्न शोधायचा, त्यावर उपाय घडवायचा आणि तो तपासायचा, ही जबाबदारी केंद्राच्या हाती दिलेली नव्हती. ऑस्ट्रेलियात गट घडवणारा होता, तर आपल्याकडे तो पोचवणारा राहिला. माझ्या मते पुढचे पाऊल इथेच टाकायला हवे.

पाणी मुरले, हे कसे कळते?

तपासणीचा भाग सर्वांत अवघड आहे आणि तो समजून घ्यायला शिरपूरकराला दूर जावे लागत नाही. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली इथे नाले रुंद-खोल करून त्यांवर ओळीने बंधारे बांधले गेले. शिरपूर पॅटर्न म्हणून हे काम राज्यभर ओळखले जाते. बंधारा भरला, हे काठावरून दिसते. पण जमिनीत पाणी मुरले का, ते दिसत नाही. ते कळते विहिरीच्या पातळीवरून, आणि तेही तीन अटी पाळल्या तर. काम सुरू होण्याआधीची पातळी मोजलेली हवी. दरवर्षी त्याच महिन्यात मोजायला हवी. आणि जिथे काम झाले नाही, अशा तशाच जमिनीतल्या विहिरींशी ताडून पाहायला हवे. नाहीतर ज्या वर्षी पाऊस चांगला झाला, त्या वर्षीचे सगळे श्रेय बंधाऱ्याला जाईल.

परिपाठ झाला, भित्तिचित्रे रंगली, फोटो पाठवले, म्हणजे बंधारा भरला. विहिरीत काय उतरले, ते वेगळे मोजावे लागते. आधीची नोंद, ठरलेल्या वेळची नोंद आणि तुलनेसाठी शेजारच्या शाळा. या तिन्हींसाठी गट सोयीचा, कारण तुलना करायला सारख्या परिस्थितीतल्या शाळा गटातच मिळतात.

मुंबईत असे करून पाहिले गेले आहे. २००८ पासून महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी स्त्री-पुरुष समानतेचा एक कार्यक्रम झाला. त्यात इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था होत्या. शाळांचे तीन भाग केले. १५ शाळांत वर्गातली सत्रे आणि शाळाभर मोहीम, १५ शाळांत फक्त मोहीम, आणि १५ शाळा तुलनेसाठी. जिथे मुलांना बसून बोलायला, वाद घालायला मिळाले, तिथे दृष्टिकोनातला बदल अधिक दिसला. प्रत्यक्ष मारहाण आणि चिडवणे यांबाबत चित्र संमिश्र होते. मला हा संमिश्र निकाल फार मोलाचा वाटतो. मत बदलणे आणि हात आवरणे या दोन गोष्टींत अंतर आहे, हे मोजल्याशिवाय कळले नसते.

हरियाणात याहून मोठा अभ्यास झाला. ३१४ सरकारी शाळा घेतल्या आणि कोणत्या शाळेत कार्यक्रम होणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. सातवी-आठवीपासून सुमारे अडीच वर्षे वर्गात चर्चा झाल्या. मुलगा-मुलगी भेदाबद्दलची मते बदलली. मुलगे घरकामात अधिक हात लावू लागल्याचे आढळले. कार्यक्रम संपून दोन वर्षे झाल्यावरही बदल बऱ्याच अंशी टिकला होता. अभ्यासकांनी आणखी एक काळजी घेतली. मुले सरांना आवडेल तेच उत्तर देतात, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असते. म्हणून मुलामध्ये दुसऱ्याला बरे वाटेल असे उत्तर देण्याचा कल किती, हेही वेगळ्या प्रश्नांनी मोजले आणि त्याचा निकालावर परिणाम होत नाही ना, ते पाहिले.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत सात वेगवेगळे चारित्र्यशिक्षण कार्यक्रम ८४ प्राथमिक शाळांत याच काटेकोरपणे तपासले आणि २०१० मध्ये निकाल आला, की सरासरीने मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसत नाही. कार्यक्रम चांगल्या हेतूने केलेले होते, शिक्षकही झटले होते. म्हणजे चांगला हेतू आणि मेहनत असूनही पाणी मुरेलच असे नाही. मग तपासणीला पैसे राखून न ठेवता मूल्यशिक्षणावर खर्च करणे मुलांच्या वेळेचा अपव्यय ठरू शकते.

चौकट: गटाला निधी देण्याआधी विचारायचे प्रश्न

• गटाने निवडलेला प्रश्न डोळ्यांनी दिसेल असा आहे का? ‘संस्कार वाढवणे’ असा प्रश्न पुरेसा नाही. ‘सुट्टीत मैदानाचा किती भाग मुलींना मिळतो’ हा चालेल.
• काम सुरू होण्यापूर्वीची नोंद कोण, कधी घेणार?
• तुलनेच्या शाळा कोणत्या, आणि त्यांना नंतर कार्यक्रम मिळणार आहे का?
• मोजणारा माणूस आणि कार्यक्रम चालवणारा माणूस वेगवेगळे आहेत का?
• शिक्षकांच्या वेळेसाठी किती रक्कम ठेवली आहे?
• कुठल्याही एका मुलाचे नाव घेऊन त्याच्यावर शिक्का बसणार नाही ना?

समजा, शिरपूर तालुक्यातले एक केंद्र

कल्पना करू, की दहा शाळांच्या एका केंद्राने हे काम घेतले. शाळांना समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत. त्यात वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता, साहित्य सगळे बसवायचे असते. मूल्यशिक्षणाला त्यातून काही उरत नाही. गटासाठी वेगळा निधी दर शाळेमागे तेवढाच धरला, तर दहा शाळांचे दोन वर्षांचे पाच लाख होतात. त्यातला एक लाख फक्त तपासणीसाठी बाजूला काढावा, आणि तो आधीच. शेवटी उरेल त्यातून तपासणी करू म्हटले, की काही उरत नाही.

उरलेल्या चार लाखांचा मोठा भाग माणसांवर जावा. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक दुसऱ्या शाळेचा वर्ग पाहायला गेला, तर मागे राहिलेल्या शिक्षकाने चार वर्ग कसे सांभाळायचे? त्या दिवसापुरता गावातलाच शिकलेला एखादा तरुण मानधनावर घ्यावा लागेल. पावरी आणि अहिराणीतल्या गोष्टी लिहून घेण्यासाठी गावातल्या जाणत्या बायकांना बोलवावे लागेल आणि त्यांचाही मोबदला द्यावा लागेल. प्रवासखर्च, छपाई, पालकांच्या बैठका. रंगीत फलकांवर खर्च करायचा मोह होतो, कारण त्याची पावती सहज जोडता येते. तो टाळायचा.

पहिले तीन महिने गटाने काही शिकवायचे नाही, फक्त पाहायचे. एका शाळेच्या शिक्षकाने दुसऱ्या शाळेत जाऊन नोंद करायची. पोषण आहाराला कोण कोणाशेजारी बसते? सापडलेली पेन्सिल, रबर ‘सापडले’च्या डब्यात येते का? तासाला प्रश्न विचारणाऱ्यांत मुली किती? कापूस वेचणीला किंवा मजुरीला आईवडिलांबरोबर गेलेले मूल परत आले, की वर्ग त्याला कसे सामावून घेतो? या साध्या मोजण्या आहेत. कुठलेही मूल यात परीक्षेला बसत नाही, आणि शाळेचे वातावरण मात्र आकड्यांत दिसू लागते.

मग शिक्षण परिषदेत या नोंदी मांडून एकच प्रश्न निवडायचा. समजा, निवडला तो ‘वर्गात पावरी बोलले तर हसतात’ हा. उपाय शिक्षकांनीच घडवायचा. परिपाठात आठवड्यातून दोन दिवस पावरीतली गोष्ट आणि मराठी बोलणाऱ्या मुलांनी पावरीतली वाक्ये शिकायची. मोठ्या मुलांनी शब्दसंग्रह करायचा आणि हसण्याबद्दल वर्गानेच नियम ठरवायचा. दहातल्या पाच शाळांत हे पहिल्या वर्षी, उरलेल्या पाचांत दुसऱ्या वर्षी. कोणत्या पाच, हे सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून. त्यामुळे कोणीही वंचित राहत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन्ही बाजूंची तुलना करता येते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पाच विरुद्ध पाच शाळांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. एका शाळेतला मुख्याध्यापक बदलला तरी आकडे हलतात. मुंबईत ४५ आणि हरियाणात ३१४ शाळा घेतल्या त्या याचसाठी. म्हणून एका केंद्राचा निकाल हा अंदाज समजायचा. तालुक्यातल्या तीन-चार केंद्रांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या, तर तीस-चाळीस शाळा होतात आणि आकड्यांना वजन येते. मोजणीची आखणी आणि हिशेब धुळ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे किंवा जळगावच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांकडे सोपवता येईल. केंद्रप्रमुखाकडे नको, कारण तो कार्यक्रम चालवणारा आहे आणि शाळांची तपासणीही तोच करतो. त्याच्यासमोर कुठली शाळा आपल्या रांगेतली ढकलाढकल कबूल करेल?

मूल्ये कोणाची?

पैसा सार्वजनिक असला, की हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला. त्यात सत्य, सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये मध्यवर्ती मानली होती. त्या विचारातून आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. २००२च्या अरुणा रॉय खटल्यात न्यायालयाने धर्मांविषयी माहिती देणे आणि धार्मिक शिक्षण देणे यांत फरक केला आणि आराखडा वैध ठरवला.

गटाने काम करण्याचा एक फायदा इथेही होतो. दहा गावांत वेगवेगळ्या समाजांची, वेगवेगळ्या देवदेवतांची, वेगळ्या बोलीची माणसे आहेत. एखादी गोष्ट एका गावात सहज वाटेल आणि दुसऱ्या गावात खटकेल. शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक एकत्र बसले, तर ही खटक आधीच कळते. पाड्यावरच्या पालकांना बैठकीला केवळ सह्यांपुरते बोलावले, तर मात्र कळणार नाही. त्यांना बोलायला पुरेसा वेळ, त्यांच्या भाषेत मिळाला पाहिजे, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी निधीतून भरून द्यावी, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा हप्ता

निधी कसा वाटला जातो, यावर तपासणीचा खरेपणा अवलंबून असतो. पहिल्या वर्षी चांगला निकाल दाखवला तरच दुसरा हप्ता मिळेल, अशी अट घातली, तर प्रत्येक गट चांगलाच निकाल दाखवेल. ‘खरे बोलतो’च्या जागी मग आकड्यांची तक्ताबंदी येईल एवढेच. अट वेगळी हवी. सुरुवातीच्या नोंदी वेळेवर आल्या का, तुलनेच्या शाळांत तितक्याच काळजीने मोजले का, जे जमले नाही ते कारणांसह लिहिले का, या गोष्टींवर दुसरा हप्ता द्यावा. बदल दिसला नाही असे लिहिणाऱ्या गटालाही तो मिळावा, आणि त्याचा अहवाल शेजारच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचला जावा. रक्कम मार्चअखेरीस येऊन आठवड्याभरात खर्च करायची वेळ आली, तर हे काहीच शक्य नाही. म्हणून पहिला हप्ता जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी केंद्राच्या खात्यावर पोचला पाहिजे.